झालं का, मामा?

तुम्ही तुमच्या लेकीचे बाप आहात हे दाखवणारा कागद आत्ता, हे वाचताना, तुमच्या खिशात आहे का?

नाही ना? मग उद्या परक्या गावच्या चौकात चार जणांनी तुमची गचांडी धरून विचारलं, तर काय दाखवाल? तोंडच दाखवाल. गहिनीनाथनं तेच दाखवलं. "नाक बगा तिचं, माज्यावर गेलंय," असं तो हात जोडून सांगत होता. ज्यानं त्या नाकावर बुक्की मारली तो पदवीधर होता. आणि आदल्याच संध्याकाळी त्या गावातल्या घराघरात टीव्हीवरच्या एका फिरस्त्या बापाचे हाल बघून बायामाणसं डोळ्याला पदर लावून बसली होती.

पण हे मधलं झालं. गहिनीनाथ पहिल्यापासून कळला पाहिजे.

तो पाथर्डीच्या डोंगराकडचा. घरची जमीन आहे, पण पाऊस आला तर बाजरी, नाही तर नुसते दगड. दसरा झाला की त्याचं गाव रिकामं होतं. दारांना कुलपं, मागं राहतात म्हातारी माणसं आणि शेळ्या. बाकी सगळे ऊसतोडीला. कडूबाईशी लग्न झालं आणि पंधरा दिवसांत दोघं टोळीबरोबर निघाले. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या. तिसऱ्या हंगामात प्रवरेच्या काठी, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत, दिपाली जन्मली. नाळ कापली टोळीतल्या बनुबाईनं. जन्माची नोंद करायला जायचं कुणी आणि कुठं? चौथ्या दिवशी कडूबाई परत फडात उभी होती.

लेक दोन वर्षांची झाली तेव्हा कडूबाईचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. मुकादम म्हणाला, एवढी गाडी भरून द्या आणि मग जा दवाखान्यात. गाडी भरली. लगेच दुसरी येऊन उभी राहिली. कडूबाई दवाखान्याच्या वाटेवर, टेम्पोत गेली. पुढच्या दसऱ्याला गहिनीनाथ मुकादमाकडं गेला, तर मुकादमानं त्याच्याकडं नीट बघितलंही नाही. "अर्धा कोयता घेऊन म्या काय करू रं?" म्हणाला.

तुमच्यात बायको मेलेल्या माणसाला विधुर म्हणतात. तिकडं अर्धा कोयता म्हणतात.

मग तो लेकीला घेऊन नगरला, नागापूरला आला. तिथं त्याची थोरली बहीण मालनबाई राहते. तिचा नवरा कारभारी एका वर्कशॉपात कामाला. पत्र्याची एक खोली, त्यात ही दोघं आणि त्यांची दोन पोरं, ओम आणि निकिता. त्यात दिपाली मावली. आत्यानं तिला पोटच्या पोरांत बसवून वाढवलं, अंगणवाडीत घातलं. कारभारी स्वतः हात धरून तिला घेऊन गेला, म्हणून अंगणवाडीच्या बाईनं नाव लिहिलं, दिपाली कारभारी. पुढं आधार कार्ड काढतानाही दाजीच बरोबर होते. कार्डावर तेच आलं. गहिनीनाथ तेव्हा गॅसच्या शेगड्या आणि कुकर दुरुस्त करायला शिकत होता, दिवस दिवस बाहेर. कार्ड बघून तो हसला. "दाजी, पोरगी तुमच्या नावावर चढली की!"

"चढू दे," कारभारी म्हणाला, "उतरवून घिऊ कवा बी."

आता ती गोष्ट, जिच्यापायी सगळं घडलं. ओम आणि निकिता गहिनीनाथला काय म्हणणार? मामा. आईचा भाऊ. आणि कारभारीला म्हणायचे पप्पा. दिपाली त्या दोघांच्या तोंडाकडं बघून बोलायला शिकली. तिच्याही तोंडात बापाला मामा बसलं, आणि पप्पा म्हणजे कारभारी. यात नवल काय? गावाकडं निम्मी पोरं बापाला दादा म्हणतात, अण्णा म्हणतात, कारण घरात चुलते तसं हाक मारतात. आईला वहिनी म्हणणारी माणसं म्हातारी झाली आमच्याकडं. कुणी त्यांना पोलिसात नेलं नाही.

दिपाली पाच वर्षांची झाली तशी बाप बाहेर पडला की जेवेनाशी झाली. मालनबाईनं खूप समजावलं. शेवटी तीच म्हणाली, "ने बाबा हिला संगं. जूनपर्यंत हिंडू दे. पहिलीत नाव घातलं की बसंल गप." जुनी मोपेड, मागं हत्यारांची पेटी, पुढं पायापाशी गोणपाटाची गुंडाळी, तिच्यावर दिपाली. असे ते दिवाळीनंतर निघाले. कोल्हार, श्रीरामपूर, आडवाटेची गावं. दुपारी एखाद्या पाराखाली भाकरी, मुक्कामाला देवळाचा सभामंडप. तो तिची वेणी घालायचा. एक वेणी कानाशी, दुसरी मानेवर. बाया हसायच्या. "अरं, ही येनी हाय का सुतळी?" म्हणायच्या आणि पोरीला ओढून घेऊन परत घालून द्यायच्या.

गाडीला भोंगा होता. त्यात सगळ्यांचे असतात तसे बाप्यामाणसाचे आवाज भरायचे म्हणून तो एका दुपारी मोबाईल घेऊन बसला, तर घसा बसलेला. दिपाली म्हणाली, मी म्हणते. आणि म्हटलं तिनं, छाती भरून. "गॅसची शेगडी दुरुस्त! कुकर दुरुस्त! शिट्टी बदला, रिंग बदला! आत्या, मावशी, काकी, भायेर या!" आणि दम लागल्यावर, बंद व्हायच्या आधी, हळूच, "झालं का, मामा?"

ते शेवटचं काढून टाकता आलं असतं. त्यानं काढलं नाही. उलट तेवढ्यासाठीच बाया दारात यायच्या. भोंगा वाजत गल्लीतून जायचा आणि "झालं का, मामा?" आलं की आतून कुणीतरी ओरडायचं, "न्हाई झालं गं बाई, थांब, कुकर आनते!" धंदा असा चालतो. आवाज ऐकायला आलेली बाई रिकाम्या हातानं परत जात नाही.

त्याच दिवसांत टीव्हीवर ती मालिका सुरू होती. बाप खेळण्यांची हातगाडी ओढत गावोगाव हिंडतो, सहा वर्षांची लेक गाडीवर बसलेली असते. बापाचा सदरा फाटका, पण कडक इस्त्रीचा. तरी अख्खा जिल्हा संध्याकाळी सातला त्यांच्यासाठी रडायचा. दिपालीलाही वेड लागलं. सात वाजता जिथं असेल तिथं गाडी थांबवायची, ज्याच्या दारातून टीव्ही दिसेल त्याच्या उंबऱ्यापाशी बसायचं. कुणी हाकललं नाही कधी. मालिका बघताना लोक फार चांगले असतात.

श्रीरामपूरच्या पलीकडं एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. नाव घेतलं की तुम्ही म्हणाल, ते गावच तसलं, आणि सुटाल. तर त्या गावात छबूबाई नावाची बाई आहे. उसाची बागायत, दारात गोठा, मोठा टीव्ही. त्या संध्याकाळी गहिनीनाथनं तिच्या शेगडीचे बर्नर साफ करून दिले आणि दिपाली तिच्या ओट्यावर बसून मालिका बघत राहिली. छबूबाईनं तिला दूध-भाकरी कुस्करून दिली. वेणी सोडून नव्यानं घातली.

"भाची का रं तुजी?"

"न्हाई मावशी, लेक हाय."

"मंग मामा का म्हनती?"

"तोंडात बसलंय. बहिनीच्या पोरांत वाढली."

छबूबाई हसली. टीव्हीत ती पोरगी "बाबा, बाबा" करत होती. दिपालीनं मान वळवली.

"मामा, ती बाबा का म्हनती?"

"तिचा बाप हाय म्हनून."

"आन तू?"

"म्या बी तुजा बापच हाय की."

ती विचारात पडली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा." आणि लाजून तोंड गुडघ्यात घातलं. गहिनीनाथलाही कसंतरीच झालं, जणू दुसऱ्याच कुणाला हाक मारली. दोघं खदाखदा हसले.

"न्हाई बाई. तू मामाच बरा."

"बरं. मामा तर मामा."

हे तो आजही परत परत सांगतो. तिथंच हट्ट धरायला पाहिजे होता, म्हणतो. चार दिवस घोकून घेतलं असतं तर बाबा बसलं असतं तोंडात. आता त्याला कोण सांगणार, की बाबा, चूक तुझी नव्हती?

सकाळी निघायच्या वेळी दिपालीनं गोठ्यातलं वासरू धरलं. त्याच्या गळ्यात हात घालून बसली, सोडेना. त्यानं दोनदा हाक मारली, मग उचलून आणली. ती पाय झाडत रडायला लागली. "सोड मामा, सोड मला!" त्यानं तिला गाडीवर बसवलं आणि भोंगा लावला, कारण स्वतःचा आवाज ऐकला की ती हसायची.

चौकात पाच-सहा जण आडवे आले. त्यांच्या मोबाईलवर आठवडाभर एक निरोप फिरत होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे, गाडीला भोंगा असतो, भोंग्यात लहान मुलाचा आवाज लावून पोरांना बाहेर बोलावतात. कुणी लिहिलं, कुठं घडलं, काही पत्ता नाही. पण भोंगा तर समोर होता, आवाजही लहान पोरीचा होता आणि गाडीवर एक पोर रडत होतं.

"कुनाची रं पोरगी?"

"माजी हाय."

"काय गं बाळा, कोन हा तुजा?"

आणि दिपाली हुंदके देत खरं तेच बोलली. "मामा."

"आरं, बाप म्हनतो आन पोरगी म्हनती मामा!"

"भोंगा ऐका, भोंग्यात बी मामाच म्हनती!"

गर्दी झाली. छबूबाई धावत आली. तिला त्याला सोडवायचं होतं, हे गहिनीनाथ शपथेवर सांगतो. ती ओरडली, "आरं, थांबा! काल माज्या ओट्यावर हुता ह्यो! म्याच इचारलं भाची का, तर लेक हाय म्हनला!"

"म्हंजी कालपास्नं खोटं बोलतोय!" कुणीतरी म्हणालं, आणि पहिली बुक्की पडली. छबूबाईचं पुढचं वाक्य कुणी ऐकलं नाही. नंतर तिनं पूर्णही केलं नाही.

पोलीस आले म्हणून जीव वाचला. हे त्यांच्या बाजूनं लिहिलंच पाहिजे. दोन दात गेले, एक बरगडी गेली, भोंग्याचा पत्रा चेपला. ठाण्यात एका बाई पोलिसानं दिपालीला मांडीवर घेतलं, बिस्किट दिलं आणि अगदी मायेनं विचारलं.

"तुझे पप्पा कुठं असतात, बाळ?"

"नागापूरला. कंपनीत."

"नाव काय त्यांचं?"

"कारभारी."

"आणि आई?"

"आई उसात मेली."

"आणि हे बाहेर बसलेत ते?"

"मामा."

पिशवीत आधार कार्ड सापडलं. त्यावरही कारभारी. बाईंनी तिथूनच कारभारीला फोन लावला. त्याच्या मागं मशीन घरघरत होतं, त्याला निम्मं ऐकू येत होतं. पोलीस, पोरगी, मारहाण, एवढंच कळलं. घाबरला. आणि घाबरलेला माणूस सगळ्यात जवळची वाट धरतो. कार्डावर नाव आपलंच आहे, आपली म्हटलं की पोरगी सुटेल, मेव्हणाही सुटेल.

"व्हय बाईसायेब, माजीच पोरगी ती. निगालोच न्यायला."

"आणि हा गहिनीनाथ?"

"मेव्हना हाय माजा. पोरांचा मामा."

पण कारभारीला कामावरून सोडेनात, म्हणून संध्याकाळी मालनबाईच एसटीनं पोहोचली. तिला नवऱ्यानं काय सांगून ठेवलंय याचा पत्ता नव्हता. भावाचं सुजलेलं तोंड बघून ती ठाण्याच्या पायरीवरच बसली आणि रडत म्हणाली, "मातेरं केलं का रं माज्या भावाचं! सायेब, त्याचीच पोर हाय ती, देवाशपथ त्याचीच!"

साहेबांनी कागद खाली ठेवला. "बाई, तुमचा नवरा म्हणतो माझी, हा म्हणतो माझी, पोरगी म्हणते मामा. आता मी खरं कुणाचं धरू?"

गहिनीनाथ, मालनबाई आणि दिपाली, तिघंही खरंच बोलत होती. कारभारी खोटं बोलला, पण तोही पोरीच्याच भल्यासाठी. आणि या सगळ्या खऱ्याची बेरीज होऊन पोरगी गेली बालगृहात. बालकल्याण समितीनं लिहिलं, पालकत्व संशयास्पद, चौकशी होईपर्यंत बालिकेला सुरक्षित ठेवावं. सुरक्षित! गाडीत बसवताना दिपालीनं मागं वळून ओरडून विचारलं, "मामा, तू मागनं येतो ना गाडीवर?" तो येतो म्हणाला. जबड्यामुळं नीट म्हणता आलं नाही.

कारभारीनं नंतर येऊन खरं सांगितलं, पण एकदा फिरवलेला जबाब कोण धरणार? मग सुरू झाले हेलपाटे. जन्माचा दाखला आणा. कुठल्या गावात जन्मली? कोपीत. कोपी कुठल्या गावात? नदीकाठी. ज्या वर्षी टोळी जिथं उतरली होती, तिथल्या ग्रामसेवकानं हात वर केले, आमच्या दप्तरात ऊसतोडवाल्यांचं काही नसतं. बनुबाईला शोधत तो तीन तालुके हिंडला, कारण ती हंगामात एका ठिकाणी थोडीच असते. सापडली तेव्हा ती मोळी डोक्यावर घेऊन उभी होती. तशीच बोलली. "ह्या हातानं नाळ कापली म्या. पायाळू हुती पोरगी. कुठं अंगठा लावायचा सांग." लावला तिनं. पण बनुबाईकडं स्वतःचाच धड कागद नव्हता, आणि तीही त्याच टोळीची. समितीला ते पुरेना. रक्ताची तपासणी करा म्हणाले. रक्त दिलं. अहवाल यायचा आहे. गेले कित्येक महिने यायचाच आहे.

दर महिन्याला भेट मिळते. अर्धा तास, बालगृहातल्या बाई समोर बसलेल्या. पहिल्या भेटीत दिपाली मांडीवरून उतरली नाही. दुसऱ्या भेटीत तिनं दोन वेण्या घातल्या होत्या, अगदी सरळ, एकसारख्या. त्याला त्या बघवेनात. तिसऱ्या भेटीत ती कमी बोलली. चौथ्या वेळी तिनं त्याला हाकच मारली नाही. काही हवं असलं तर बोटानं दाखवायची, नाही तर शर्ट ओढायची. काय झालं ते बाईंनी त्याला बाहेर येऊन सांगितलं. मोठ्या मुली तिला म्हणाल्या होत्या, तू त्यांना मामा म्हणालीस ना, म्हणून तुला इथं आणलं.

सहा वर्षांच्या पोरीनं ते मनात धरलं. आपल्याच तोंडानं हे झालं.

जूनमध्ये, ज्या महिन्यात ती पहिलीला बसायची होती, त्या महिन्यात समितीपुढं तारीख लागली. मालनबाईनं फोनवरून रोज जीव खाल्ला होता, "तिला सांग रं, बाबा म्हन म्हनावं." भेटीत तेही करून झालं होतं. तारखेला समितीच्या मॅडमनी तिला जवळ बोलावलं. भली बाई, गळ्यात चष्मा, आवाज मऊ. गहिनीनाथकडं बोट करून विचारलं, "दिपाली, हे कोण आहेत तुझे?"

दिपालीनं बापाकडं बघितलं. ओठ उघडले. मामा म्हणावं तर परत नेतील, आणि बाबा म्हणावं तर ते ओट्यावर बसून एकदाच म्हटलेलं, खोट्या नाटकातलं वाटणारं. ओठ मिटले. मॅडमनी दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. पोरगी फरशीकडं बघत उभी राहिली. पायाखाली ओलं झालं, तरी बोलली नाही.

कागदावर लिहिलं गेलं, बालिकेनं ओळख दर्शवली नाही.

त्यानंतर तो एक मूर्खपणा करून बसला. मूर्खपणा हा त्याचाच शब्द. भोंग्याचा पत्रा ठोकून सरळ केला, वायर जोडली आणि एका दुपारी बालगृहाच्या भिंतीमागच्या रस्त्यावर गाडी उभी करून लावला. आपला आवाज ऐकला की हसते, एवढंच त्याच्या डोक्यात. "गॅसची शेगडी दुरुस्त! कुकर दुरुस्त!" भिंतीपलीकडं पोरींचा गलका झाला. "दिपाली, तुझा आवाज! अगं, तुझा आवाज!" वरच्या गॅलरीत पाच-सात डोकी गोळा झाली, त्यांच्यात कडेला ती. भोंगा म्हणाला, "आत्या, मावशी, काकी, भायेर या!" ती बघत होती. आणि मग भोंग्यातून तेवढंच हळूच आलं, "झालं का, मामा?" तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. जणू ते आत्ता तिच्याच तोंडातून निसटलं होतं.

गहिनीनाथनं बटण शोधलंच नाही. वायर हिसकून तोडली.

आता तो भोंग्याशिवाय हिंडतो. स्वतःच ओरडतो, "शेगडी दुरुस्त." दात नाहीत, बोल फुटत नाही, बाया बाहेर येत नाहीत.

त्या भल्या मॅडमनी त्याला एक वाट सांगितली आहे. नात्यातलं, टोळीतलं कुणी नको. ज्याचा यात काही संबंध नाही अशा परक्या माणसानं येऊन सांगितलं, की हे दोघं बाप-लेक म्हणून राहताना मी बघितलंय, हा तिला भरवायचा, हिची वेणी घालायचा, तर अहवालाची वाट न बघता मला काही लिहिता येईल. गहिनीनाथला सगळ्यात आधी कोण आठवणार? तो त्या गावात परत गेला. ज्या चौकात दात पडले त्या चौकातून, मान खाली घालून गेला. सात वाजले होते. छबूबाईच्या दारातून टीव्हीचा उजेड येत होता.

मालिका संपत आली होती. त्या दिवशी ताटातूट झालेला बाप आणि लेक भेटणार होते. रस्त्यावर, पावसात, गाणं लावून. घरातले सगळे टीव्हीपुढं. छबूबाईच्या डोळ्यांतून धार लागलेली. गहिनीनाथ चप्पल काढून ओट्याखाली उभा राहिला, जाहिरात लागेपर्यंत. मग खाकरला.

"मावशी."

तिनं ओळखलं. पदरानं डोळे पुसता पुसता हात तसाच राहिला.

"तुमी तवा म्हनला हुता, काल माज्या ओट्यावर हुता. तेवढंच येऊन सांगा. दूध-भाकरी तुमी दिली, पर भरवली म्या. बगितलं ना तुमी?"

"बगितलं रं बाबा." ती आवाज खाली आणून म्हणाली. "पर घरात म्हनत्यात, पोलिसाच्या पायरीला जायचं न्हाई. मारनाऱ्यात आमच्या भावकीची पोरं हुती. म्या बोलले तर त्यास्नी आत टाकत्याल."

"म्या कुनाचं नाव घेत न्हाई, मावशी. निस्तं माज्या लेकीचं घेतो."

"कळतं रं मला. काळीज तुटतं माजं."

आतून कुणीतरी ओरडलं, "आये, लागलं, ये लवकर!" ती आत गेली. टीव्हीतली पोरगी "बाबा!" म्हणून धावली आणि घरातल्या सगळ्यांचा श्वास मोकळा झाला. बाहेर गहिनीनाथ चप्पल घालत होता. मालिकेतल्या बापाला कुणी कागद मागितला का, एवढं बघायला तो क्षणभर थांबला. मागितला नाही.

पुढची तारीख दिवाळीआधी आहे. दिपाली अजून बोलत नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, लिहिते छान. अक्षर ओळखता येतं तिला, म अजून उलटा काढते.

आता तुमच्याकडं यायचं. कोल्हारपासून श्रीरामपूरच्या अल्याडपल्याड कुठंही तुमचं घर असेल, तर आठवून बघा. गेल्या वर्षी दिवाळी ते संक्रांत, दुपारच्या वेळी, लहान पोरीच्या आवाजातला भोंगा ऐकून तुम्ही कुकर घेऊन दारात आला होता का? शेवटच्या शब्दाला हसला होता का? गाडीवरची ती वाकड्या वेणीची पोर, तिला खाऊ घालणारा तो माणूस, बघितला होता का? बघितला असेल तर रडू नका. तारखेला समितीपुढं या, आणि जे बघितलं तेवढं सांगा.